नाशिकहून परदेशी विमानप्रवास: अंतर आणि वेळ स्वतः कसे मोजावे

गंगापूर रोड असो, इंदिरानगर असो किंवा पाथर्डी फाट्याकडच्या नव्या वसाहती असोत, मुलगा लंडनला आणि मुलगी अमेरिकेला असलेले आईवडील आपल्या ओळखीत सहज निघतात. पहिल्यांदा परदेशी जायला निघालेल्या या मंडळींचे प्रश्न दोनच असतात: ते गाव किती लांब आहे, आणि पोहोचायला किती वेळ लागतो. मोबाइलवर शोधले तर दोन आकडे लगेच मिळतात, पण ते कशापासून कशापर्यंतचे आहेत हे तिथे लिहिलेले नसते. मग ‘दहा तासांत लंडन’ असे समजून निघालेला माणूस प्रत्यक्षात वीस तास प्रवासात असतो आणि रात्रीच्या गोळीपासून उतरल्यावरच्या गाडीपर्यंत सगळे नियोजन कोलमडते. म्हणूनच हा हिशेब प्रत्येकाला स्वतः करता यावा, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढी सामग्री पुरते.

सुरुवातीलाच शब्दांचे अर्थ पक्के करून घेऊ. दोन विमानतळांमधले ‘अंतर’ म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर. विमान प्रत्यक्षात जितके उडते तो ‘उड्डाणमार्ग’, आणि तो बहुतेक वेळा या अंतरापेक्षा लांब असतो. वेळेचे प्रकार तीन आहेत. विमान हवेत असते तो एक वेळ. विमान निघण्याच्या जागेवरून मागे ढकलले जाते तिथपासून ते पोहोचल्यावर जागेवर उभे राहते तिथपर्यंतचा दुसरा वेळ. विमान कंपन्या वेळापत्रकात हाच छापतात आणि त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. तिसरा आपल्या घराच्या उंबऱ्यापासून मुलाच्या घराच्या उंबऱ्यापर्यंतचा. आपल्याला खरी गरज तिसऱ्याची असते, पण त्याच्यापर्यंत पहिल्या दोघांतूनच जावे लागते.

पहिली पायरी: नेमके विमानतळ ठरवा

तिकिटावर शहराच्या नावाशेजारी तीन अक्षरांचा संकेत असतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचा संकेत ‘बीओएम’, आपल्या नाशिकजवळच्या ओझर विमानतळाचा ‘आयएसके’, लंडनच्या हीथ्रोचा ‘एलएचआर’ आणि सॅन फ्रान्सिस्कोचा ‘एसएफओ’ आहे. शहराचे नाव न वाचता हा संकेत वाचण्याची सवय लावून घ्या. लंडनला हीथ्रोखेरीज गॅटविक आणि स्टॅन्स्टेडही आहेत आणि ते एकमेकांपासून बरेच दूर आहेत. सिडनी नावाचे विमानतळ ऑस्ट्रेलियात आहे तसेच कॅनडातही आहे. आपल्या दारातच आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि त्याचा संकेत ‘एनएमआय’ आहे. नाशिकहून निघालेली गाडी पुढे अंधेरीकडे न्यायची की उलव्याकडे, हे आता तिकिटावरच्या तीन अक्षरांवर ठरते, म्हणून चालकाला नुसते ‘मुंबई एअरपोर्ट’ सांगू नका.

विमानतळ ठरला की त्याचे अक्षांश आणि रेखांश नकाशावरून टिपून घ्या. ते अंश आणि मिनिटांत मिळाले तर मिनिटांना साठने भागून अंशांत मिळवा. १९ अंश ६ मिनिटे म्हणजे १९.१० अंश. विषुववृत्ताच्या दक्षिणेचे अक्षांश आणि ग्रिनिचच्या पश्चिमेचे रेखांश उणे धरायचे. या लेखात लागणारे आकडे असे आहेत: मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, ओझर २०.१२ उत्तर, ७३.९१ पूर्व, दिल्ली २८.५६ उत्तर, ७७.१० पूर्व, हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम, सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम.

दुसरी पायरी: पृथ्वीगोल आणि दोरा

सूत्राकडे जाण्यापूर्वी हा प्रयोग जरूर करा, आणि घरात शाळकरी मूल असेल तर त्याच्याकडून करून घ्या. तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. त्याचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर हा प्रत्यक्षातल्या सुमारे ४२५ किलोमीटरइतका. आता शिवणाचा दोरा घेऊन एक टोक मुंबईवर आणि दुसरे लंडनवर दाबून धरा, दोरा ताणून घ्या आणि मधला भाग पट्टीवर मोजा. तो १७ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. सतरा गुणिले ४२५ म्हणजे ७,२२५ किलोमीटर, आणि पुढे सूत्राने येणारे उत्तर यापासून फार दूर नाही.

हाच दोरा मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यावर ताणला की डोळे उघडतात. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडच्या टोकाला दिसते, म्हणून आपण मनात युरोप आणि अटलांटिक महासागर ओलांडून आडवी रेघ मारतो. गोलावरचा ताणलेला दोरा मात्र मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकत निघतो, मध्य आशियावरून आणि सायबेरियावरून जातो, ७६ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर आर्क्टिक महासागरात चढतो आणि मग अलास्काच्या बाजूने खाली उतरतो. भिंतीवरचा नकाशा बहुधा मर्केटरने १५६९ साली आखलेल्या पद्धतीचा किंवा तिच्या जवळपासचा असतो. ती पद्धत जहाजांना दिशा धरून ठेवण्यासाठी होती. तिच्यात ध्रुवांकडचे प्रदेश अफाट ताणले जातात, म्हणून जवळचा रस्ता तिच्यावर वाकडा दिसतो. अंतरासाठी सपाट नकाशावर पट्टी कधीही ठेवू नये.

तिसरी पायरी: जवळच्या अंतरासाठी शाळेतला पायथागोरस

हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत पृथ्वीचा गोलावा फारसा आडवा येत नाही. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. एक अंश रेखांशही विषुववृत्तावर तितकाच असतो, पण उत्तरेला सरकत जावे तसा तो आक्रसत जातो. किती आक्रसतो ते मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने ठरते.

ओझर ते दिल्ली घेऊ. अक्षांशांतला फरक ८.४४ अंश, म्हणजे उत्तरेकडे सुमारे ९३८ किलोमीटर. रेखांशांतला फरक ३.१९ अंश, मधला अक्षांश २४.३४, त्याचा कोसाइन ०.९११, म्हणून पूर्वेकडे ३.१९ × १११.२ × ०.९११, म्हणजे सुमारे ३२३ किलोमीटर. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण सुमारे ९९२ किलोमीटर येतो. हे ओझर–दिल्ली अंतर.

चौथी पायरी: लांबच्या अंतराचे सूत्र

लांबच्या प्रवासाला सपाट त्रिकोण चालत नाही. तिथे गोलावरचा त्रिकोण लागतो. त्याचे सूत्र वाक्यात सांगायचे तर असे: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा, या दोन उत्तरांची बेरीज करा, ती बेरीज ज्या कोनाचा कोसाइन असेल तो कोन अंशांत काढा, आणि त्याला १११.२ ने गुणा. तो कोन म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी उभे राहून पाहिले तर दोन विमानतळांमध्ये जितका कोन दिसेल तितका.

करण्यापूर्वी एक खबरदारी घ्या. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर अंशांवर म्हणजे ‘डिग्री’वर लावलेला आहे ना, हे तपासा, ३० चा साइन ०.५ आला तर बरोबर. संगणकातल्या तक्त्यात हेच सूत्र लिहायचे असेल तर तो कोन रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात मागतो, म्हणून प्रत्येक अंशाचे आधी रेडियन करून घ्यावे लागते. या एका गोष्टीमुळे उत्तर हास्यास्पद आले की लोक सूत्रालाच दोष देतात.

मुंबई–लंडन करून पाहू. १९.०९ चा साइन ०.३२७१ आणि ५१.४७ चा ०.७८२३, गुणाकार ०.२५५८. त्यांचे कोसाइन ०.९४५० आणि ०.६२२९, गुणाकार ०.५८८७. रेखांशांतला फरक ७२.८७ अधिक ०.४५, कारण लंडन ग्रिनिचच्या पलीकडे, पश्चिमेला आहे, म्हणजे ७३.३२, आणि त्याचा कोसाइन ०.२८७०. ०.५८८७ गुणिले ०.२८७० म्हणजे ०.१६९०. बेरीज ०.४२४८. हा ज्याचा कोसाइन आहे तो कोन ६४.८६ अंश, आणि ६४.८६ × १११.२ म्हणजे सुमारे ७,२१२ किलोमीटर. वैमानिक नॉटिकल मैलात बोलतात. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा आणि एका अंशात असे साठ मैल, म्हणून कोनाला थेट साठने गुणले की ३,८९२ नॉटिकल मैल मिळतात.

सॅन फ्रान्सिस्कोसाठी रेखांशांतला फरक १९५.२५ येतो. तो १८० पेक्षा जास्त दिसला म्हणून गोंधळू नका. ३६० मधून वजा करून १६४.७५ घेतला तरी कोसाइन तोच येतो, फक्त जवळची वाट पूर्वेकडून आहे एवढे त्यातून कळते. शेवटचा कोन सुमारे १२१.५ अंश आणि अंतर सुमारे १३,५१० किलोमीटर. पृथ्वी अगदी गोल नसून ध्रुवांपाशी थोडी दबलेली आहे, त्यामुळे या पद्धतीत फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. प्रवासाच्या नियोजनाला ती नगण्य आहे.

हेच सूत्र ओझरसाठी वापरले तर लंडनचे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर येते. म्हणजे नाशिककर मुंबईकरांपेक्षा लंडनला दहा-पंधरा किलोमीटरने जवळच राहतो, आणि तरीही विमान पकडण्यासाठी आधी दीडशेहून अधिक किलोमीटर उलट्या दिशेने, दक्षिणेला उतरतो. ज्या ओझरच्या धावपट्टीवरून सुखोई विमाने उडतात तिथून थेट परदेशी उड्डाणे मिळावीत ही नाशिककरांची इच्छा म्हणूनच मला केवळ हौस वाटत नाही.

पाचवी पायरी: उड्डाणमार्गाची वाढ धरा

विमान दोऱ्याच्या रेघेवरून तंतोतंत जात नाही. ठरलेले हवाईमार्ग असतात, वादळे टाळावी लागतात, धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळसा घ्यावा लागतो, आणि काही देशांचे आकाश बंद असते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली ती १६ जुलैपर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंद झाली. अशा वेळी दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना आधी गुजरात आणि अरबी समुद्राकडे खाली यावे लागते आणि मग वळावे लागते. मुंबईच्या विमानांना तितका मोठा फटका बसत नाही, कारण ती मुळातच समुद्राच्या काठावरून निघतात. नाशिककराने दिल्लीमार्गे की मुंबईमार्गे हे ठरवताना ही गोष्ट जरूर विचारात घ्यावी.

साध्या दिवसांत सूत्राच्या अंतरात पाच टक्के मिळवावेत, असा माझा ठोकताळा आहे. मुंबई–लंडनचे ७,२१२ मग सुमारे ७,५७० होतात. हद्द बंद असल्याची बातमी असेल तर आणखी वाढ धरा, आणि नेमकी किती ते पाहायचे असेल तर आदल्या काही दिवसांत त्याच क्रमांकाचे विमान कोणत्या वाटेने गेले हे विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर बघा. तो मार्ग एकदा डोळ्यांनी पाहिला की शंका उरत नाही.

सहावी पायरी: वेग, आणि त्याहून महत्त्वाचा वारा

लांब पल्ल्याची बोइंग ७७७, ७८७ किंवा एअरबस ए-३५० ही विमाने ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८४ ते ०.८५ पट वेगाने जातात. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांपर्यंत थंड असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किलोमीटर असतो, म्हणून विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास येतो. एअरबस ए-३२० थोडे कमी, ८३० च्या आसपास. पंखे दिसणारे एटीआर सुमारे ५००.

पण हा वेग हवेच्या तुलनेतला आहे आणि ती हवा स्वतः वाहत असते. याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वाऱ्याचे पट्टे असतात; त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात आणि ताशी शंभर-दोनशे किलोमीटरचा वारा ही तिथे नवलाची गोष्ट नसते. म्हणून पश्चिमेला जाताना विमान वाऱ्याशी झुंजते आणि परतताना वाऱ्यावर स्वार होते. पृथ्वी खाली फिरते म्हणून वेळ वाचतो किंवा वाढतो, असे बरेच जण सांगतात. ते बरोबर नाही. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते. फरक पडतो तो वाऱ्यामुळे.

आकड्यांत पाहा. ७,२०० किलोमीटरचा रस्ता आणि ताशी ९०० चा वेग असेल तर वाऱ्याशिवाय आठ तास. समोरून शंभरचा वारा असेल तर वेग ८०० राहतो आणि नऊ तास लागतात. मागून तोच वारा असेल तर वेग १,००० होतो आणि सात तास बारा मिनिटे. जाऊन-येऊन सोळा तास बारा मिनिटे झाले, सोळा नव्हे. वारा जाताना जितका खातो तितका येताना परत देत नाही, कारण विमान विरुद्ध वाऱ्यात जास्त वेळ असते.

वाऱ्याचे महत्त्व पटवायला एक उदाहरण मला फार बोलके वाटते. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को उड्डाणे सुरुवातीला अटलांटिकवरून जात होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ती पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून न्यायला सुरुवात केली. मार्ग चौदाशे किलोमीटरच्या आसपास वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाला, आणि प्रवासाचा वेळ मात्र कमी होऊन साडेचौदा तासांवर आला, कारण आता वारा पाठीशी होता. लांबच्या रस्त्याने लवकर पोहोचणे आकाशात शक्य असते. पुढे जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली महिला वैमानिकांनीच सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून विमान आणले; तो सुमारे १४,००० किलोमीटरचा पल्ला.

आता आपला ठोकताळा पुरा करू. उड्डाणमार्गाच्या लांबीला पश्चिमेकडे जाताना ८३० ने आणि पूर्वेकडे जाताना ९५० ने भागा, आणि धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि जागेवर लागणे यांसाठी पस्तीस-चाळीस मिनिटे मिळवा. मुंबईहून लंडन: ७,५७० भागिले ८३० म्हणजे नऊ तास सात मिनिटे, अधिक चाळीस, सुमारे पावणेदहा तास. परतीचे सुमारे साडेआठ ते पावणेनऊ तास. सॅन फ्रान्सिस्कोसारखा मार्ग ध्रुवाकडून जातो तेव्हा वारा बहुतेक आडवा असतो, म्हणून तिथे सरळ ९०० ने भागावे. १३,५१० वर पाच टक्के वाढ धरून सुमारे साडेसोळा तास येतात. जवळच्या उड्डाणांत मात्र जमिनीवरचा वेळ मोठा वाटा खातो. ओझर–दिल्ली हवेत सव्वा तासाचे अंतर आहे, पण दिल्लीच्या आकाशातली रांग आणि उतरल्यावर जमिनीवर चालणारा लांबचा फेरा धरून वेळापत्रकात ते जवळजवळ दोन तासांचे असते.

सातवी पायरी: दोन घड्याळे

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावाची स्थानिक वेळ असते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. म्हणून हिवाळ्यात लंडन आपल्यामागे साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो; सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात साडेतेरा आणि उन्हाळ्यात साडेबारा तास मागे. सिडनी आपल्यापुढे आहे, आणि तिथला उन्हाळा उलट असल्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल हा फरक साडेपाच तास व एरवी साडेचार असतो.

प्रवासाचा वेळ काढायची पद्धत एकच: दोन्ही वेळा भारतीय घड्याळात आणा आणि वजाबाकी करा. समजा हिवाळ्यात मुंबईहून दुपारी १:३० ला विमान निघते आणि लंडनला संध्याकाळी ५:५० ला पोहोचते. तिकिटाकडे पाहून चार तास वीस मिनिटे वाटतात. लंडनच्या ५:५० मध्ये साडेपाच तास मिळवले की आपल्या रात्रीचे ११:२० होतात, आणि प्रवास नऊ तास पन्नास मिनिटांचा ठरतो.

पोहोचण्याच्या वेळेशेजारी ‘+१’ किंवा ‘+२’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते; म्हणजे निघाल्याच्या तारखेनंतर एक किंवा दोन दिवसांनी. या बारीक आकड्याकडे दुर्लक्ष करू नका, हे मी अनुभवाने सांगतो. एका जानेवारीत माझी भाची सॅन फ्रान्सिस्कोहून थेट मुंबईला येणार होती. ‘मामा, शुक्रवारी रात्री नऊला निघते, सतरा तास लागतात,’ असे ती फोनवर म्हणाली. आम्ही शुक्रवारच्या नऊमध्ये सतरा तास मिळवले, शनिवारी दुपारी दोन असे उत्तर काढले आणि ताई, भाऊजी आणि मी शनिवारी पहाटे नाशिकहून निघालो. ताईने तिच्यासाठी पिंपळगावच्या द्राक्षांची पेटी घेतली होती. दुपारी दोनला आम्ही टर्मिनल दोनच्या बाहेर उभे होतो तेव्हा तिचे विमान उडून जेमतेम साडेतीन तास झाले होते. तिचे शुक्रवारी रात्री नऊ म्हणजे आपले शनिवारी सकाळी साडेदहा. त्यात सतरा तास मिळवले की रविवारी पहाटे साडेतीन. ताई ती पेटी मांडीवर घेऊन गाडीतच बसून राहिली, आणि रविवारी पहाटे भाची बाहेर आली तेव्हा तिघांच्याही डोळ्यांना डोळा लागलेला नव्हता. एक बेरीज आधी कागदावर केली असती तर तिला ते तेरा तास घरी आरामात काढता आले असते.

आठवी पायरी: मधला थांबा

थेट विमान नसेल तर प्रत्येक टप्प्याचे अंतर वेगळे काढून बेरीज करा. ओझर–दिल्ली ९९२ आणि दिल्ली–लंडन सुमारे ६,७३० मिळून ७,७२० किलोमीटर होतात, म्हणजे थेट अंतराहून पाचशेच जास्त. इतका वळसा किरकोळ समजावा. खरा वेळ थांब्यात जातो. सगळे टप्पे एकाच आरक्षण क्रमांकावर असतील तर पहिले विमान उशिरा आल्यास पुढची सोय करणे कंपनीकडे असते आणि मोठ्या बॅगा बहुधा शेवटपर्यंत आपोआप जातात. वेगवेगळी तिकिटे काढली असतील तर दोन्ही जबाबदाऱ्या आपल्या. थोडे पैसे वाचतात म्हणून वयस्कर आईवडिलांची तिकिटे अशी तोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिल्लीत टर्मिनल एक आणि तीन यांच्यामध्ये काही किलोमीटरचा रस्ता आहे, तेव्हा उतरणार कुठे आणि चढणार कुठून हे तिकिटावर पाहा; देशांतर्गत विमानातून आंतरराष्ट्रीय विमानात जाताना चार तास हाताशी ठेवावेत. अमेरिकेत ज्या विमानतळावर प्रथम उतराल तिथेच सामान्यतः इमिग्रेशन होते, बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात, म्हणून तिथे पुढचे विमान असेल तर तीन तासांहून कमी वेळ घेऊ नये. अबुधाबीमार्गे अमेरिकेला जाताना ही तपासणी अबुधाबीतच उरकण्याची सोय आहे. तेव्हा तो वेळ तिथल्या थांब्यात धरावा. परतीच्या वाटेवर भारतात दिल्लीला प्रथम उतरून ओझरला यायचे असेल तर इमिग्रेशन आणि कस्टम दिल्लीतच होते.

नववी पायरी: उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत, उलट मोजत

आता विमानाच्या वेळेपासून मागे मोजत या. वरचेच १:३० चे विमान घेऊ. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी, म्हणजे साडेदहाला विमानतळावर. नाशिकहून मुंबई विमानतळ रस्त्याने साधारण चार तास. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून कसारा घाट टाळून बोगद्यातून खाली उतरता येते, आणि तेवढा भाग खरोखरच झपाट्याने सरतो. पण आमण्याच्या पुढे भिवंडी आणि ठाणे तिथेच आहेत, आणि घाटात वाचलेला वेळ तिथे सहज निघून जातो. म्हणून एक तास राखीव ठेवून पाच तास धरा. पावसाळ्यात, सलग सुट्ट्यांच्या दिवशी किंवा सिंहस्थाच्या गर्दीत सहा. सामान थोडे असेल तर पंचवटी एक्सप्रेसने ठाणे किंवा दादर गाठून पुढे टॅक्सी करता येते. संध्याकाळनंतरच्या विमानासाठी ती चांगली सोय आहे, मात्र दुपारच्या विमानासाठी मी तिच्यावर विसंबणार नाही.

तर घर पहाटे साडेपाचला सोडायचे. लंडनला ५:५० ला विमान लागले की इमिग्रेशन, बॅगा आणि बाहेर पडणे यांना दीड ते दोन तास, आणि पुढे मुलाच्या घरी जायला तासभर धरू. तिथल्या घड्याळात साडेआठ वाजतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दोन झालेले असतात. पहाटे साडेपाच ते रात्री दोन म्हणजे साडेवीस तास. मोबाइलने सांगितलेले नऊ तास पन्नास मिनिटे त्याच्या निम्म्याहूनही कमी आहेत.

हा हिशेब झाला की एका कागदावर तीन रकाने आखून तो उतरवून काढा: काय करायचे, भारतीय वेळ, तिथली वेळ. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर त्या भारतीय वेळेच्या रकान्यात मांडा आणि तो कागद निघण्याच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी तर हे अत्यावश्यक आहे, कारण पश्चिमेला जाताना दिवस साडेपाच किंवा साडेतेरा तासांनी लांबतो आणि परतताना तितकाच आखूड होतो. कागदाची एक प्रत आईच्या पर्समध्ये पासपोर्टजवळ, एक वडिलांच्या खिशात आणि एकीचा फोटो तिकडे मुलाकडे पाठवा. मनगटी घड्याळ विमानात बसल्यावर बदलू नका. औषधे भारतीय वेळेवर संपेपर्यंत ते तसेच राहू द्या, आणि मोबाइलला तिथली वेळ आपोआप धरू द्या.